क्लासिफायरच्या ओव्हरफ्लोतून जाड माल परत परत जातो तेव्हा

क्लासिफायर म्हणजे पाण्यात जाड माल आणि बारीक माती वेगळी करणारं स्क्रूचं यंत्र, आणि त्याच्या काठावरून वाहून जाणारं गढूळ पाणी म्हणजे ओव्हरफ्लो. लक्षण ओळखीचं आहे. वॉशिंग प्लांट सुरळीत चालू आहे, स्क्रू फिरतोय, वरच्या तोंडातून धुतलेले फाइन्स, म्हणजे बारीक खनिज, पट्ट्यावर पडतायत, मोटरचे अँपिअरही नेहमीचेच. आणि तरी ओव्हरफ्लोच्या पन्हळीत हात घातला की बोटांना कचकच लागते. निव्वळ माती साबणासारखी बुळबुळीत लागते, खनिजाचा कण मात्र टोचतो. स्टीलच्या ताटात थोडा ओव्हरफ्लो घ्या आणि आई तांदूळ रोळते तसं ताट हलवत वरचं गढूळ पाणी सोडत जा. शेवटी ताटाच्या कडेला काळपट, चमकणारी शेपटी उरते. ती शेपटी म्हणजे विकायचा माल. तो गाळाच्या तळ्यात चाललाय.

मी मूळचा दोडामार्गकडचा. नोकरीची बरीच वर्षं सीमेपलीकडे गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, लोहखनिजाच्या एका वॉशिंग प्लांटवर गेली. खाली लिहिलेलं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. मँगनीज, क्रोमाइट किंवा वाळू धुणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त आकडे आपापले काढावे लागतील.

गोव्यातला माल कसा असतो हे आधी सांगतो, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. लॅटराइटच्या कवचाखालचं हेमटाइट हे लोहखनिज, त्यात लिमोनाइट-गोएथाइट ही दुसरी लोहखनिजं मिसळलेली, मधूनच ब्लू डस्टचे, म्हणजे हेमटाइटच्या भुकटीचे, भुसभुशीत पट्टे आणि या सगळ्याला चिकटलेली चिकणमाती. म्हणून माल क्रशरनंतर स्क्रबरमध्ये पाण्याबरोबर घुसळतात, मग ओल्या चाळण्यांवर सोडतात. १० मिलिमीटरच्या वरचा लम्प, म्हणजे मोठे खडे, बाजूला निघतो. खालचं सगळं पाण्याबरोबर स्क्रू क्लासिफायरमध्ये येतं. क्लासिफायरचा ओव्हरफ्लो सायक्लोनला, म्हणजे पाणी गरगर फिरवून जड कण वेगळे करणाऱ्या शंकूला, जातो आणि सायक्लोनचा ओव्हरफ्लो गाळ दाट करणाऱ्या थिकनरमार्गे टेलिंगच्या, म्हणजे टाकाऊ गाळाच्या, तळ्यात. तळ्यातलं निवळलेलं पाणी पंपानं परत प्लांटला येतं. हा शेवटचा टप्पा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

यंत्र नेमकं काय करतं

एक तिरकं टाकं, साधारण १४ ते १८ अंशांच्या उताराचं. खालच्या टोकाला पाण्याचा डोह आणि त्याच्या काठाला वियर प्लेट, म्हणजे जिच्यावरून पाणी सांडतं ती पट्टी. माल डोहात पडतो. जड आणि जाड कण तळाला जातात, तिथून स्क्रू त्यांना ओढत उतारावरून वर नेतो, वाटेत पाणी निथळतं आणि माल वरून बाहेर पडतो. बारीक कण तळाला पोचायच्या आत पाण्याबरोबर वियरवरून निघून जातात. डोह म्हणजे इथली चाळणी. स्क्रू फक्त हमाल आहे. हे एकदा मनात ठसलं की दुरुस्तीची दिशा बदलते.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत साउथ डकोटातल्या सोन्याच्या गिरणीत जॉन डॉर यांनी १९०४ मध्ये यांत्रिक दाताळ्यांचा क्लासिफायर चालवला. तिथे स्क्रूऐवजी दाताळी मागे-पुढे होऊन वाळू वर ओढत. ओढायची तऱ्हा बदलली, डोहाचं काम तेच राहिलं.

बारीक कण किती वेगानं बुडतो याला स्टोक्सचा नियम आहे. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. कण आणि द्रव यांच्या घनतेतल्या फरकाच्याही तो प्रमाणात असतो, आणि द्रव जितका दाट-चिकट तितका वेग कमी. म्हणूनच पाण्यातली ही वर्गवारी निव्वळ आकाराची नसते, वजनाचीही असते. हेमटाइटची घनता ५ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५. हिशेब केला तर ०.१० मिलिमीटरचा हेमटाइटचा कण आणि साधारण ०.१५ मिलिमीटरचा क्वार्ट्झचा कण एकाच वेगानं बुडतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ओव्हरफ्लोचा नमुना १५० मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्यानं धुतला आणि वर काही उरलं, तर लगेच घाबरू नका. उरलेलं आधी वाळवा आणि पांढऱ्या कागदावर पसरून बघा. पांढरट, काचेसारखे कण असतील तर तो क्वार्ट्झ आहे आणि तो गेलेलाच बरा. काळे-तपकिरी कण असतील तर आपला माल चाललाय. शक्य असेल तर तेवढ्याच भागाचं लोहाचं प्रमाण प्रयोगशाळेतून काढून घ्या. आमच्याकडे एकदा अख्खी शिफ्ट क्वार्ट्झ वाचवायला खपली होती.

आम्ही आधी काय केलं

सगळे करतात तेच केलं. स्क्रूच्या पात्यांना लावलेले शू, म्हणजे झीज सोसणारे बदलायचे तुकडे, काढून बघितले, झिजलेले होते, बदलले. वियर प्लेट एक पट्टी उंच केली. पुली बदलून स्क्रूचा वेग कमी केला. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा ताटात शेपटी.

त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं. शू झिजले की स्क्रूची ओढण्याची ताकद कमी होते, तळाचा माल डोहात साचत येतो आणि डोह उथळ होतो. वियर उंच केली की डोह मोठा आणि खोल होतो, कणांना बुडायला जास्त वेळ मिळतो, वर्गवारी बारीक होते. स्क्रू हळू फिरला की डोह कमी ढवळला जातो. तिन्ही उपायांना आधार आहे. पण आम्ही काही न मोजता ते केले, तेही एकाच आठवड्यात. मग कशानं फरक पडला ते कळायला मार्गच उरला नाही.

माझी कळकळीची विनंती आहे, पान्ह्याला हात लावायच्या आधी स्लरी, म्हणजे माल मिसळलेलं पाणी, मोजा. त्यासाठी महागडं काही लागत नाही.

दुधाचं माप आणि काटा

प्लांटवर घनतेचा तयार काटा असेल तर उत्तम. आमचा बिघडलेला होता. आम्ही दुधाचं एक लिटरचं स्टीलचं माप घेतलं, आधी स्वच्छ पाण्यानं काठोकाठ भरून त्यात खरोखर किती मावतं ते तपासलं आणि किराणा दुकानात असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला. एक लिटर स्लरी जितके किलो भरेल तितकी तिची घनता.

नमुना घ्यायची रीत महत्त्वाची. वियरच्या एका कोपऱ्यात माप धरून भरलेला नमुना खोटं बोलतो. अरुंद तोंडाचं भांडं वियरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या वेगानं सरकवत न्या, भांडं ओसंडू देऊ नका, सगळं बादलीत ओता, असं चार-पाच वेळा करा. मग बादली तळापासून ढवळत ढवळत माप भरा. ढवळणं थांबलं की जड माल खाली बसतो आणि मापात नुसतं गढूळ पाणी येतं.

घनतेवरून घन मालाची टक्केवारी काढायला त्या मालाची स्वतःची घनता लागते. ओव्हरफ्लोतल्या गाळाचीच काढा, खाणीच्या मालाची नको, कारण ओव्हरफ्लोत हलकी माती जास्त असते. वाळवलेला ७०० ग्रॅम गाळ मोजपात्रातल्या पाण्यात सोडला, हवेचे बुडबुडे ढवळून काढले आणि पाणी २०० मिलिलिटर वर चढलं, तर घनता ३.५. आता हिशेब. स्लरीच्या घनतेतून १ वजा करा, त्याला ३.५ नं आणि मग १०० नं गुणा. दुसरीकडे ३.५ मधून १ वजा करून येणाऱ्या २.५ ला स्लरीच्या घनतेनं गुणा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. माप १.२५ किलो भरलं तर ८७.५ भागिले ३.१२५, म्हणजे वजनानं २८ टक्के घन माल. १.१५ किलो भरलं तर १८ टक्क्यांच्या थोडं वर. १.०८ किलो म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे पत्र्यावर रंगवून पॅनेलजवळ लावले की शिफ्टमधल्या कुणालाही हिशेब करावा लागत नाही.

एकच लक्षण, दोन उलट कारणं

घोळ होतो तो इथे. ओव्हरफ्लो जाड झाला की ऑपरेटर काय करतो? पाणी वाढवतो. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. डोह दाट झाला की कण एकमेकांना अडवतात, बुडणं मंदावतं आणि जाड कणही वियरपर्यंत तरंगत पोचतात. पाणी वाढवलं की डोह पातळ होतो, कण मोकळेपणानं बुडतात, ओव्हरफ्लो बारीक होतो.

पण याला हद्द आहे. पाणी वाढवलं की वियरवरून जाणारा एकूण प्रवाहही वाढतो. एका मर्यादेनंतर डोह पातळ झाल्याचा फायदा संपतो आणि प्रवाहाचा जोर वरचढ होतो. मग तेच पाणी जाड कण उचलून नेऊ लागतं. बहुतेक खनिजांसाठी ही मर्यादा ओव्हरफ्लोत १० टक्के घन मालाच्या आसपास येते. तिच्या खाली जाऊन आणखी पाणी सोडणं म्हणजे आपल्या हातानं माल ढकलून देणं.

म्हणून ताटात शेपटी दिसली की पहिला प्रश्न एकच, माप किती भरलं? १.२५ च्या वर असेल तर डोह दाट आहे, पाणी वाढवा किंवा फीड, म्हणजे आत येणारा माल, कमी करा. १.०८ च्या खाली असेल तर पाणी कमी करा. दोन्ही वेळा ओव्हरफ्लो दिसायला सारखाच लाल आणि हाताला सारखाच कचकचीत असतो. डोळ्यांना यातला फरक कळत नाही, काट्याला कळतो. आमच्या यंत्राला १.१० ते १.१५ मानवायचं. तुमचा आकडा वेगळा निघेल. डोहाचं क्षेत्रफळ, वियरची लांबी, मालातली माती, सगळ्यावर तो अवलंबून असतो.

व्हॉल्व्ह एका वेळी थोडाच फिरवा आणि डोह स्थिर होईपर्यंत थांबा. आम्ही अर्धा तास थांबायचो. पाच मिनिटांत पुन्हा फिरवणाऱ्याला आपण काय केलं ते कधीच कळत नाही.

आणि तरीही दरवर्षी फेब्रुवारीत

मापाची सवय लागल्यावर ऑक्टोबर ते जानेवारी छान गेले. फेब्रुवारी लागला आणि त्रास परत सुरू झाला. आदल्या हंगामाच्या नोंदी काढल्या तर तिथेही जानेवारीअखेरपासूनच कुरकुर. माप १.२० च्या वर जायचं, आम्ही पाणी सोडायचो, माप खाली यायचंच नाही. आणखी सोडायचो, ओव्हरफ्लोचा लोंढा वाढायचा, शेपटी तशीच.

उत्तर दिलं ते आमच्या जुन्या ऑपरेटरनं. संध्याकाळची शिफ्ट सुटताना तो होजपाइपवर हात धूत होता. डोहाकडे त्याची पाठच होती. हात चोळता चोळता थांबला आणि म्हणाला, "पात्रांव, उदक दाट जालां." म्हणजे, साहेब, पाणी दाट झालंय. मला वाटलं क्लासिफायरबद्दल बोलतोय. तो हातातल्या होजकडे बघत होता. त्या होजला तळ्याचं परतीचं पाणी यायचं.

मी सोड्याच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून पॅनेलरूमच्या खिडकीत ठेवलं. सकाळी बघितलं तर तळाशी दोन बोटं लाल गाळ, आणि वरचं पाणी रात्रभर हललं नव्हतं तरी चहाच्या रंगाचं. दुधाच्या मापात भरलं, १.०३ किलो. दिसायला आकडा किरकोळ. पण मातीची घनता २.६ धरली तर १.०३ म्हणजे वजनानं जवळजवळ पावणेपाच टक्के माती. डोह पातळ करायला आम्ही जे सोडत होतो त्याच्या प्रत्येक लिटरमागे अठ्ठेचाळीस-पन्नास ग्रॅम चिकणमाती येत होती. अतिशय बारीक चिकणमाती द्रवाला नुसतं जड करत नाही, चिकटही करते, आणि स्टोक्सच्या नियमातला तो चिकटपणा थेट बुडण्याच्या वेगावर बसतो.

मग सगळं जुळलं. पावसाळ्यात खाण बंद असते, तेव्हा तळं उपसलेलं, पावसाच्या पाण्यानं भरलेलं. ऑक्टोबरात परतीचं पाणी स्वच्छ. हंगाम पुढे सरकतो तसं तळं गाळानं भरत जातं, निवळायला मिळणारी जागा आणि वेळ कमी होतो, पाणी गढूळ परत येतं. गढूळ पाण्यानं क्लासिफायरची वर्गवारी बिघडते, जास्त माल तळ्यात जातो, तळं आणखी लवकर भरतं. फेब्रुवारीनंतर हे चक्र स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. आम्ही चक्राच्या एका टोकाला शू बदलत बसलो होतो.

चक्र तोडायला चार गोष्टी केल्या. सर्वांत जास्त गुण कशानं आला ते आधी सांगतो, तो पाणी वाटून घेण्यानं. स्क्रबरला गढूळ पाणी चालतं, तिथे मातीच घुसळायची असते. क्लासिफायरच्या डोहाला मात्र ते चालत नाही. गोव्यातल्या बऱ्याच खाणी भूजलाच्या पातळीखाली गेलेल्या आहेत आणि खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसावंच लागतं. त्या निवळलेल्या पाण्याची एक वेगळी लाइन क्लासिफायरच्या डोहाला आणि वरच्या स्प्रेला दिली, परतीचं पाणी स्क्रबरकडे वळवलं. पाण्याची एकूण गरज तेवढीच राहिली. माप दोन दिवसांत खाली आलं.

दुसरं, तळ्यातला परतीचा पंप. तो रस्त्याजवळ, सोयीच्या जागी बसवलेला होता आणि तिथून गाळ पडायचं तोंड फार लांब नव्हतं. तो तराफ्यावर घालून पलीकडच्या टोकाला नेला आणि सक्शन पृष्ठभागाच्या जवळ ठेवलं. तिसरं, थिकनरचं फ्लॉक्युलंट, म्हणजे गाळाचे पुंजके करून तो खाली बसवणारी पावडर. पावडर थेट किंवा दाट घोळ करून टाकली की तिचे जेलीसारखे गोळे होतात आणि ती वाया जाते. ताजा घोळ करून, टाकताना ०.१ टक्क्याच्या आसपास पातळ करून आणि फीडच्या पन्हळीत एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी सोडून बघा. पंपाच्या आधी सोडू नका, पंपाचा इंपेलर तयार झालेले पुंजके फोडून टाकतो. किती टाकायचं ते काचेच्या उभ्या मोजपात्रात करून ठरवा, अंदाजानं नको. चौथं, तळ्याचा उपसा पावसाळ्यापर्यंत न लांबवता हंगामाच्या मध्यावर एकदा करायला व्यवस्थापनाला राजी केलं. ते सर्वांत अवघड गेलं, पण आम्ही बाटल्या रांगेनं टेबलावर मांडल्या. महिन्याला एक, तारीख लिहिलेली, ऑक्टोबरची पारदर्शक आणि फेब्रुवारीची विटकरी. त्यापुढे फार बोलावं लागलं नाही.

पाणी स्वच्छ, माप बरोबर, तरी शेपटी

आता यंत्राकडे या. आधी फीड बघा. पावसानंतरच्या पहिल्या महिन्यात किंवा खाणीत मातीचा पट्टा लागला की ओला माल हॉपरमध्ये चिकटतो आणि मग एकदम कोसळतो. डोहाला सरासरी फीड कळत नाही, त्या क्षणाचा लोंढा कळतो. तासाची टनेज बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दहा मिनिटं चुटजवळ उभे राहून बघा. कोणत्या बेंचवरून, म्हणजे खाणीतल्या कोणत्या पायरीवरून, माल येतोय हे खाणीच्या फोरमनला रोज सकाळी विचारायची सवय लावली तर अर्धी धावपळ वाचते.

फीड डोहात कुठे आणि कसं पडतं? उंचावरून धबधब्यासारखं पडत असेल तर डोह ढवळतो आणि तळाला गेलेला माल पुन्हा वर उसळतो. वाटेत आडवी प्लेट टाकून जोर मोडा. तिच्यावर रबराचा जुना पट्टा बोल्टनं आवळला की प्लेटही टिकते.

वियर प्लेट समपातळीत आहे का, हे पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा. गवंडी वापरतात ती नळी पुरते. एक बाजू थोडी जरी खाली असेल तरी बहुतेक पाणी तिथूनच धावतं, वेग वाढतो आणि जाड कण त्या कोपऱ्यातून निसटतात. आमच्या एका यंत्राचा पाया एका अंगाला किंचित बसला होता. वियर सरळ केल्यावर ते यंत्र शेजारच्यासारखं वागायला लागलं.

शूंची झीज बंद यंत्रावर, टाकं रिकामं करून मोजायची. पाती आणि टाक्याचा तळ यांच्यात घट्ट बसलेल्या मालाचा एक थर नेहमी असतो, तो तळाच्या पत्र्याला वाचवतो, खरवडून काढू नका. पण शू झिजत गेले की तो थर जाड होत जातो. खालच्या टोकाचे, पाण्यातले शू जास्त लवकर जातात, म्हणून वरचे चांगले दिसले तरी समाधान मानू नका. कोणता शू कधी बदलला ते पात्याच्या क्रमांकानुसार वहीत लिहा.

टाक्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवा. फ्यूज काढले, पाटी लावली, एवढ्यावर थांबू नका. स्क्रू हळू फिरतो म्हणून माणसं त्याला निरुपद्रवी समजतात. तो टनावारी माल ओढणारा स्क्रू आहे, माणसाचा पाय त्याच्यापुढे काहीच नाही.

खालचं बेअरिंग हे या यंत्राचं सर्वांत नाजूक ठिकाण, कारण ते कायम चिखलाच्या पाण्यात असतं. सील गेलं की आत बारीक खनिज शिरतं, आणि त्यापेक्षा चांगली पॉलिश पेस्ट नाही. नवं ग्रीस भरताना बाहेर येणाऱ्या जुन्या ग्रीसचा थेंब बोटावर चोळून बघा. लालसर आणि कचकचीत लागला तर सील गेलंय. बेअरिंग झिजलं की शाफ्टचं खालचं टोक बसतं, पाती तळाला घासू लागतात आणि स्क्रू प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी कण्हतो. तो आवाज आल्यावर आठवडा वाट बघू नये.

वीज गेल्यानंतर

वीज गेली की डोहातला सगळा माल स्क्रूभोवती बसतो आणि तासाभरात सिमेंटसारखा घट्ट होतो. वीज आल्यावर तशीच मोटर चालू केली तर बेल्ट जळणं हे नशीब चांगलं असल्याचं लक्षण. एरवी कपलिंग तुटतं, पाती वाकतात, शाफ्टही जातो. खालचं टोक उचलायची यंत्रणा याचसाठी दिलेली असते. वीज जाताच फीड बंद आणि त्या यंत्रणेच्या हातपंपानं स्क्रूचं खालचं टोक वर. वीज आल्यावर पाणी चालू करा, स्क्रू उचललेल्या स्थितीत रिकामा फिरवा, मग फिरता ठेवूनच इंच-इंच खाली सोडा, म्हणजे तो साचलेला माल कापत कापत उतरतो. फीड सर्वांत शेवटी.

काम संपल्यावर स्क्रू पूर्ण खाली आला आहे ना, हे मात्र बघा. आमच्याकडे एकदा वीज गेल्यानंतर तो चार बोटं वरच राहिला होता आणि दोन दिवस आम्ही ओव्हरफ्लोचं कारण पाण्यात शोधत होतो.

लांबच्या बंदचं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. बऱ्याच यंत्रांची टाकी भरलेलीच राहिली. अशा यंत्राला मोटर लावायचा विचारही करू नका. माल फावड्यानं आणि पाण्याच्या जेटनं काढा, खालचं बेअरिंग उघडून सील बदला, गिअरबॉक्सचं तेल काढून त्यात पाणी आहे का बघा, स्क्रू हातानं पूर्ण एक फेरा फिरवा. मगच वीज.

सायक्लोनबद्दल थोडं

क्लासिफायर सुधारला की सायक्लोनचा ताप आपोआप कमी होतो, पण त्याच्याकडे जाता-येता एक नजर टाका. खालच्या तोंडातून, म्हणजे एपेक्समधून, माल छत्रीसारखा पसरून पडायला हवा, छत्री अरुंद असलेली बरी. तो दोरीसारखा सलग, पीळ घातल्यासारखा पडू लागला तर ते तोंड मालाला अपुरं पडतंय, आतला हवेचा गाभा नाहीसा झालाय आणि जाड माल वरच्या तोंडानं निसटतोय. फीड पातळ करा किंवा मोठं एपेक्स लावा. उलट छत्री फारच रुंद आणि पाणचट झाली तर एपेक्स झिजून मोठं झालंय, बदला. गेजचा काटा थरथरत असेल तर सायक्लोनला हात लावू नका, संपची, म्हणजे पंपाच्या टाकीची, पातळी बघा. पंप हवा ओढतोय.

हे सगळं तपासूनही ओव्हरफ्लो जाडच राहिला, तर डोहाचं क्षेत्रफळ आणि त्यावरून जाणारं पाणी यांचा हिशेब मांडा. प्लांटची टनेज वाढत गेली आणि टाकं तेवढंच राहिलं, असं बऱ्याच ठिकाणी झालेलं असतं. त्या हिशेबाला महिनाभराच्या नोंदी लागतात. दर शिफ्टला दोनदा ओव्हरफ्लोचं माप, एकदा परतीच्या पाण्याचं माप, १५० मायक्रॉनवर उरलेला माल, फीडची टनेज आणि माल कोणत्या बेंचचा. वहीला सहा रकाने पुरतात. आमच्या वहीत परतीच्या पाण्याचा रकाना सुरुवातीला नव्हता. तो नंतर पट्टीनं रेघ मारून, समासात घातलेला आहे.